कॅन्टीनमधली मतदानाची घंटा

मित्रांनो, कानांवर हात ठेवू नका. आज मी वाजणार नाही, नुसती बोलणार आहे. मी एक जुनी घंटा आहे. आमच्या प्रांताच्या विधिमंडळात, कॅन्टीनच्या दारावर, मी एकतीस वर्षे टांगलेली आहे. राजधानीच्या संसदेत माझ्या मोठ्या बहिणी आहेत म्हणे. असू देत! आवाजात मी कुणाला हार जाणार नाही.

ज्या कारखान्यात मी घडले, तिथल्या कारागिराने मला वाजवून पाहिले आणि तो म्हणाला, "ही बहिऱ्यालाही उठवेल." माझे काम सोपे आहे. सभागृहात मतदान घ्यायचे ठरले की सचिव कळ दाबतात आणि मी आठ मिनिटे खणखणते. तेवढ्यात सदस्यांनी आत पोहोचायचे. मग दारे बंद. बाहेर राहिला त्याचे मत गेले, मग तो मंत्री का असेना.

सदस्य खूप पाहिले, पण जीव जडला तो कंडक्टरवर. त्यांनी बावीस वर्षे बसमध्ये तिकिटे फाडली होती, म्हणून सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. पहिल्याच दिवशी मी वाजले आणि त्यांचा चहा शर्टावर सांडला. ते हसून म्हणाले, "काय दिवस आले! जन्मभर मी घंटी मारली की बस पळायची. आता ही वाजली की मी पळायचं."

त्यांच्या गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड सरकार बंद करणार होते. दुसरा वॉर्ड डोंगरापलीकडे, पन्नास किलोमीटरवर. वॉर्ड चालू ठेवावा, असा ठराव कंडक्टरांनी आणला. दारोदार फिरून, हातापाया पडून मते जमवली. मतदानाच्या दिवशी त्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर मुद्दाम आल्या. चर्चा चारपर्यंत चालेल असे सगळे म्हणत होते, म्हणून कंडक्टरांनी त्यांना चहाला आणले.

त्या सकाळी कॅन्टीनच्या मावशींचे डोके दुखत होते. त्यांनी स्टुलावर चढून माझ्या पोटात फडके कोंबले होते. "बाई गं, जरा गप्प बस," म्हणाल्या, आणि फडके काढायला विसरल्या. चर्चा लवकर आटोपली. मी जीव तोडून वाजले, पण नुसते खट्‌खट्! कुणी मान वर करून पाहिले नाही.

कंडक्टर धावत गेले तेव्हा दारे बंद झाली होती. तीस विरुद्ध तीस. समसमान मते पडली की ठराव पडतो. सिस्टरांनी पिशवी उचलली.

मावशी रडायला लागल्या. "साहेब, मी सांगते सगळ्यांना, चूक माझी आहे."

"मावशी, डोकं कुणाचंही दुखतं. मला लोकांनी आत बसायला निवडून दिलंय, चहा प्यायला नाही."

पक्षाचे पुढारी म्हणाले, "घंटा बिघडली होती म्हणा, सुटाल." मी तर गारच पडले! पण कंडक्टर गेले ते थेट गावच्या बसस्टँडवर. मावशीही सोबत गेल्या, त्यांनीच मला हे सांगितले. ते लोकांना म्हणाले, "मतदान चालू होतं आणि मी चहा पीत होतो. ठराव माझ्यामुळे पडला."

गर्दीतून कुणी विचारले, "साखर बरोबर पडली होती ना?"

"होती," ते खाली मान घालून म्हणाले. त्याच आठवड्यात वॉर्डाला कुलूप लागले.

सहा महिन्यांनी नियमाप्रमाणे तोच ठराव पुन्हा आणता आला. त्या दिवशी कंडक्टर सकाळपासून बाकावरून हलले नाहीत. पण त्यांच्या बाजूचे एक सदस्य आजारी पडले होते, म्हणजे पुन्हा तीस-तीसच. आणि काय सांगू! विरोधातल्या एका म्हाताऱ्या सदस्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला. नंतर ते मावशींना म्हणाले, "जो स्वतःची चूक लपवत नाही, तो वॉर्डाबद्दल कशाला खोटं सांगेल?"

कुलूप निघाले. महिन्याभराने सिस्टर पुन्हा कॅन्टीनमध्ये आल्या. "सोमवारी मुलगी झाली," त्या म्हणाल्या. "आपल्याच वॉर्डात." कंडक्टरांचे डोळे भरून आले, आणि नेमके तेव्हाच मला वाजावे लागले. त्यांनी कप तसाच ठेवला. "सिस्टर, वजन किती ते आल्यावर सांगा!" म्हणत ते पळालेसुद्धा.

मित्रांनो, आमचा आवाज कानाला गोड नसतो, कबूल. तरी आम्हाला पुसा, तपासा, सांभाळा. आणि कधी तुमचे चुकले, तर आमच्यावर ढकलू नका. कंडक्टरांनी ढकलले नव्हते.