डोकं वर काढू द्यायचं नाही

नातसून अंकिता रडणार, याचीच बनुबाईंना सकाळपासून धास्ती होती. फौजेतल्या नातवाची, ऋषिराजची सुट्टी संपली होती. लोणंद स्टेशनवर गाडीला अजून अवकाश होता आणि अंकिताचे डोळे घरातूनच भरलेले. पोर कुपवाडची, बाप कारखान्यात. फौजेच्या घरची रीत तिला कुठून ठाऊक असणार? जाणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, हसायचं, टिपूस काढायचं नाही. बाईचं रडणं शिपायाच्या वाटेत आडवं येतं, असं बनुबाईंना त्यांच्या सासूनं बजावलं होतं. म्हणून त्यांनी अंकिताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

मन रमावं म्हणून अंकितानं आजेसासऱ्यांना विचारलं, "आबा, तुम्ही मशीनगनवर होता ना? किती जण मारले?"

लालासाहेब हसले. "आमचं काम मारायचं नव्हतंच गं. समोरच्या बंकरवर गोळ्या सोडत ऱ्हायचं. आतल्यानं डोकं वर काढता कामा न्हाई. तवर आपली पोरं चढून जात्यात."

"आणि गोळ्या थांबल्या की?"

"काढतोय की डोकं! त्यो काय मेल्याला नसतोय. नुसता दबून बसल्याला असतोय."

"बास की आबा," ऋषिराज म्हणाला. "भरती करताय काय हिला?"

सगळे हसले. बनुबाई हसल्या नाहीत. बावीस वर्षांमागं धाकट्या लेकाला, नाथाजीला त्यांनी याच फलाटावरून हसत लावून दिलं होतं. तरी तो पेटीतून आला. तेव्हाही लालासाहेब कानाशी म्हणाले होते, "रडू नगंस, गाव बघतंय." पुढं गावानं कौतुक केलं, काय काळजाची बाई म्हणून.

गाडी आली. ऋषिराज पाया पडून चढला. अंकिताचा ओठ थरथरला, तिनं घाबरून आजीकडं पाहिलं.

बनुबाईंनी मनगट सोडलं. "रड बाई. काय हुत न्हाई."

अंकिता पोटभर रडली. मग नाक पुसून दारातल्या ऋषिराजवर ओरडलीसुद्धा, "पोचल्यावर फोन करा, विसराल नेहमीसारखं!"

गाडी गेली. बनुबाई बाकावर टेकल्या आणि "नाथा" एवढंच म्हणाल्या. मग त्यांना आवरेना. फलाटावरची माणसं वळून पाहू लागली.

"आगं, लोकं..." लालासाहेबांच्या तोंडून सवयीनं निघालं.

"बघू द्या," बनुबाई म्हणाल्या.

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. लालासाहेबांनी अंकिताला खुणेनं सांगितलं, त्याला थांब म्हणावं. आणि ते बायकोशेजारी बसले.