खिरणीचं मुसळ

"बघ मथुरे, ह्ये लाकूड पान्यात तरंगत न्हाय!"

विहिरीच्या काठावरून गेनबा ओरडला होता आणि हातातली ढलपी त्यानं पाण्यात टाकली होती. ढलपी सरळ तळाला गेली. नवी नवरी मथुरा तोंडाला पदर लावून हसली होती. वावटळीत बांधावरच्या खिरणीची फांदी मोडली होती, तिचं मुसळ तो बायकोसाठी घडवत होता. खडकाळ माळावर, पावसाच्या भरवशावर, पणज्याच्या काळापासून सावकाश वाढलेलं ते झाड. उन्हाळ्यात पिवळी फळं लागायची. खाल्ली की चिकानं ओठ चिकटायचे, आणि गेनबा म्हणायचा, "आता घटकाभर तरी गप बसशील."

पुढं गेनबा गेला. धानोरीचा तो माळही गेला. खिरणी कापताना यंत्राची पाती बोथट झाली म्हणे. आता तिथं काचेची इमारत आहे, आणि लेक शेफाली तिथल्याच एका कंपनीत संगणकावर काम करते. उरलं ते मुसळ.

गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की हळद कांडायला ते मुसळ मागून न्यायचे. मथुराबाई ते धुऊन, तेल लावून द्यायची. सवाशणी मुसळ धरून गाणी म्हणायच्या. ती मांडवाच्या कडेला उभी. विधवेनं त्यात हात घालायचा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंच नाही. लहानग्या शेफालीनं एकदा विचारलं होतं, "आई, तू का नाही धरत?"

"हात दुखत्यात गं."

आज मांडव मथुराबाईच्याच दारात होता, शेफालीच्या लग्नाचा. मुसळाला आंब्याची पानं बांधली, उखळात हळकुंडं पडली. थोरली नणंद सोजरबाई एकेका सवाशणीला पुढं बोलवत होती.

"आई, तू पण ये ना," शेफाली पाटावरून म्हणाली.

"ती कशी यील?" सोजरबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली. "तिचं हात दुखत्यात."

बायकांनी मुसळ उचललं. ते कलंडून उखळाच्या काठावर आपटलं.

"अगं बया, मुसळ हाय का इजंचा खांब!" शेजारची शकू हसली. "गेनबाभावजींनी बायकोच्या मुठीच्या मापानं केलंय. आपल्याला कसं बधंल?"

सगळ्या हसल्या. मग ती मूठ कुणाची, हे एकेकीच्या ध्यानात आलं, तसं हसू विरत गेलं.

मथुराबाईच्या ओठांत एक ओवी बरेच दिवस घोळत होती, तिनं कुणाला ऐकवली नव्हती:

हळद कांडिते, मुसळ गं जड भारी
बाप न्हाई मांडवात, त्याची खूण माझ्या दारी

ती मांडवाच्या कडेवरून पुढं निघाली. कोरडेच हात तिनं पदराला पुसले. मुसळाच्या मध्यावर लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं तिची मूठ बसली.

"वन्सं," ती म्हणाली, "माझं हात कधीच दुखलं न्हाईत. मला धरायचं हुतं."