बेल वाजली की

कचऱ्याचा डबा खारूच्या आईने स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर उपडा केला आणि जुन्या चमच्याने कचरा उचकायला लागली. बटाट्याची सालं, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या. दाताची प्लेट काही सापडेना.

"नीट आठव. कुठे काढून ठेवलीस?"

"ठेवलीय कुठेतरी," खारू म्हणाली. पुढचे दोन दात मोठे असल्यामुळे तिला घरात हेच नाव पडलं होतं. दारात उभी राहून ती पडलेल्या दाढेच्या खाचेत जीभ घालत होती.

दुधाची दाढ किडली, वेळेआधी काढावी लागली. खालची पक्की दाढ यायला अजून दोनेक वर्षं होती, आणि तोवर शेजारच्या दातांनी सरकून ती जागा बळकावू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी गुलाबी रंगाची, तारेची कडी असलेली छोटी प्लेट दिली होती. दात घासताना तेवढी काढायची, एरवी तोंडात. इतकं साधं. पण ती प्लेट आजवर उशीच्या अभ्र्यात, कंपासपेटीत आणि एकदा धुवायच्या मोज्यात सापडली होती.

कचऱ्यातून कागदाची एक पुडी निघाली. तिने ती उघडली. सफरचंदाच्या फोडी, काळ्या पडलेल्या. एकीलाही दात लागलेला नव्हता.

"मी सकाळी घाईघाईत कापून ठेवायचं आणि तू कचऱ्यात टाकायचं. वा."

खारूने मान खाली घातली.

बाहेरच्या खोलीत आईचे वडील आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. आजी गेल्यापासून ते लेकीकडेच राहत होते. खारू शाळेतून आली की दुपारभर आजोबा आणि नात, दोघंच घरी.

"बाबा, तुम्ही पाहिलीत का हिची प्लेट?"

वर्तमानपत्र डावी-उजवीकडे हललं.

"दुपारी जेवताना तोंडात होती की नव्हती?"

"अंहं," वर्तमानपत्राआडून आलं. ते हो होतं की नाही, देव जाणे.

"मिठाची गुळणी धरून बसलाय का? आज दाखवायची वेळ आहे. दुकानातून लवकर सुटायला मालकाच्या किती नाकदुऱ्या काढल्या ते माझं मला माहीत. चष्म्यांचा ढीग तसाच टाकून आलेय. आणि इथे ही तऱ्हा. तुमच्या दोघांच्या पायी मी वेडी होणार आहे एक दिवस."

वर्तमानपत्र तसंच राहिलं. खारू मात्र गुपचूप आजोबांच्या खोलीत गेली आणि ओठांचं पाणी बाहीला पुसत बाहेर आली.

"सापडली. घातली."

"कुठे होती?"

"तिकडे."

पुढे विचारायला वेळ नव्हता. तिने कचरा भरला, हात धुतले, पोरीच्या केसांवरून कंगवा ओढला. दोघी जिन्यात पोचल्या तेव्हा मागून वडिलांचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"जपून जा गं. रस्ता बघून ओलांडा."

"आता फुटलं तोंड," ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी दिवा खाली ओढला, प्लेट काढली, पुन्हा बसवून पाहिली. एका बाजूने ती उचलली गेलेली दिसली.

"ही घालत नाही फारशी."

"घालते हो. मी घरी येते तेव्हा तोंडातच असते."

"तुम्ही येता तेव्हा असेल." बाईंनी हातमोजे काढले. "मागची दाढ पुढे झुकायला लागलीय. अजून फार बिघडलेलं नाही, पण असंच चाललं तर पक्क्या दाढेला जागा उरायची नाही. मग मोठेपणी तारा लावा, दात काढा, सगळं आलं. त्यापेक्षा आता मागच्या दाढेला जागा धरून ठेवणारी रिंग बसवू. प्लेट दिली तेव्हा ती दाढ अर्धीच वर आली होती, रिंगला पकड नव्हती. आता आहे. सिमेंटने घट्ट चिकटवायची, म्हणजे हिला काढताच येणार नाही."

"बसवून टाका. सुटेन मी एकदाची."

खारू खुर्चीत उठून बसली. "जेवतानासुद्धा नाही काढता येणार?"

"नाही."

"थोडा वेळसुद्धा?"

"तेच तर हवंय ना, बाळा."

"मग आजोबा एकटेच?"

"आजोबांचं काय मध्येच?" आई म्हणाली.

खारूने एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"त्यांची कवळी टोचते. खूप. ते काढून जेवतात. त्यांना लाज वाटते, म्हणून मी पण काढते. मग आम्ही दोघांचं एकाच डबीत ठेवतो. आणि बेल वाजली की घालतो." तिने नाक ओढलं. "आज तू किल्लीने आलीस."

"मला का नाही सांगितलं?"

"आजोबा म्हणाले, आईला आधीच वैताग आहे. दवाखान्याची आणखी एक खेप नको."

मांडीवरच्या पर्सची चेन आईने लावली, उघडली, पुन्हा लावली. काळ्या पडलेल्या फोडी नीट पुडीत बांधलेल्या होत्या, चारही कोपरे दुमडून. पोरीला अशी पुडी बांधता येत नव्हती. तशी पुडी बांधणारं घरात एकच माणूस होतं.

निघताना ती बाहेरच्या टेबलाशी थांबली. "सोमवारी दोघांची वेळ ठेवा," ती तिथल्या मुलीला म्हणाली. "एक ही. दुसरे हिचे आजोबा. त्यांना आणायचं मी बघते."

घराच्या दारात तिने सवयीने किल्ली काढली. खारूने तिच्याकडे पाहिलं. तिने किल्ली मुठीत धरली आणि बेल दाबली.

आत खुर्ची करकरली. पावलं दाराकडे न येता खोलीकडे गेली. नळ सुटला, डबीचं झाकण वाजलं. ती उभी राहिली. खारूही भिंतीला टेकून उभी राहिली. पुन्हा बेल वाजवायची घाई कुणी केली नाही.

दार उघडलं.

"किल्ली नेली नव्हतीस?" वडिलांनी विचारलं. शब्द स्वच्छ होते. फक्त बोलताना डाव्या डोळ्याखाली बारीकशी सुरकुती उमटली आणि गेली. किती दिवस उमटत असेल, कोण जाणे.

"विसरले." तिने चपला काढल्या. "आज मी सफरचंद किसणार आहे. सगळ्यांनाच. माझी दाढ ठणकतेय."

वडिलांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग खारूकडे. खारू चपलेचा पट्टा सोडवण्यात गुंतली होती, जरा जास्तच.

"मग दाखवून ये," ते म्हणाले. "असलं दुखणं अंगावर काढू नये."

"दाखवणारच आहे. सोमवारी. पण मला भीती वाटते. तुम्ही चला बरोबर."

वडिलांनी दाराची कडी लावली.

"येतो," ते म्हणाले. "एकटीने जाऊ नये तिथे."