चवीचा तळ

निंग्रुमने बाटली खिडकीतल्या उन्हासमोर धरली, एकदा उलटी केली, पुन्हा सरळ केली, आणि मग हात जराही न हलवता नुसती बघत राहिली.

"इबू, ही माझीच बाटली ना?"

चुलीपाशी सोयाबीनच्या तेंपेच्या फोडी तळणाऱ्या तुमिनाने मागे न वळता हसू दाबले. मुलीने विचारावे म्हणूनच तिने ती बाटली तांदळाच्या डब्याआड फार आत सरकवली नव्हती.

"तुझीच गं. पण आता तेवढी मिळमिळीत राहिली नाही. वास घेऊन बघ."

निंग्रुमने झाकण काढले. तंबाखू होती, बापाच्याच शेतातली, ग्लिसरीनमध्ये मुरवून तिने स्वतः कॉफीच्या फडक्यातून गाळलेली. तंबाखूमागून लवंग आली, लवंगेमागून व्हॅनिला. आणि सगळ्यांत शेवटी, या स्वयंपाकघराचाच एक ओळखीचा वास. तिने बाटली पुन्हा उन्हात धरली. अर्काच्या वर, काचेला चिकटून, पिवळसर कडे तरंगत होते.

"यात काय घातलंत?"

"ओळख बघू."

"इबू, सांगा ना."

तुमिनाने झारा खाली ठेवला. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभी राहायची तशी ती कमरेच्या फडक्याला हात पुसत वळली. शाळेची नोकरी सुटून बरीच वर्षे झाली होती, पण काही समजावून सांगायचे म्हटले की तिचा आवाज अजून खुलत असे.

"तुझे बापाक रोज कुरकुरतात. म्हणतात, हिच्या व्हेपला चव आहे, पण चवीला तळ नाही. जिभेवर येते आणि पळून जाते. मग मला आठवलं, माझे वडील तंबाखू कशी करायचे. खोबरेल तेलात लवंगा आणि व्हॅनिलाची शेंग मंद आचेवर ठेवायची, आणि ते तेल कोमट असताना तंबाखूला हातानं चोळायचं. अख्खं गाव त्यांच्याकडं विडी वळायला यायचं. मी तेच तेल केलं आणि तुझ्या अर्कात मिसळलं. चांगलं दोनदा गाळलं, बरं का. एक बाटली त्यांना दिली, ही तुला दाखवायला ठेवली."

निंग्रुमने पुढे होऊन चूल बंद केली. कढईतला आवाज हळूहळू बसला.

"खोबरेल?"

"घरचंच. बाजारचं नाही."

"इबू, विडी जळते. तेल असलं तर तेही आगीत जळून जातं. व्हेपमध्ये आग नसते. नुसती तार तापते. ते तेल जळत नाही, वाफेबरोबर तसंच्या तसं छातीत जातं आणि तिथं बसतं. त्याला बाहेर यायला वाट नाही. पाण्यात मिसळेल तेच यात घालायचं असतं. चव वाढवायची तर मी पान आधी भाजते, खालच्या शेतातलं पान थोडं मिसळते, बाटली कपाटात जास्त दिवस ठेवते. तेल कधीच नाही. दुकानात येणाऱ्या पोराटोरांनासुद्धा मी पहिलं हेच सांगते." ती थांबली. "तुम्हालाच सांगायचं राहिलं."

तुमिनाने झारा उचलला, कुठे ठेवावा ते न सुचून पुन्हा तिथेच ठेवला.

गेल्या पावसाळ्यात निंग्रुमच्या बापाला, कार्योनोला, न्यूमोनिया झाला होता. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यावर लावून दाखवला, तेव्हा एका बाजूची खालची जागा चुना फासल्यासारखी पांढरी होती. पुन्हा असे झाले तर माझ्या हातात काही नाही, असे ते शांतपणे म्हणाले होते. जन्मभर तंबाखू पिकवलेल्या माणसाची विडी सुटावी म्हणून पारकानच्या बाजारात व्हेपचे छोटे दुकान चालवणाऱ्या निंग्रुमने बापासाठी हा अर्क करायला घेतला. डॉक्टरांना तोही पसंत नव्हता. पण निदान धूर तरी नाही, असे म्हणून दोघींनी मनाची समजूत घातली होती.

"कधी दिलीत त्यांना?"

"गेल्या बाजाराच्या दिवशी."

"आणि ते ओढतायत?"

"खूश आहेत. विचारलं तर म्हणाले, आता कशी तंबाखूसारखी वाटते." तुमिनाचा आवाज मधेच बारीक झाला. "आज पहाटे खोकत होते. मला वाटलं, दंवात उभे राहिले असतील."

निंग्रुमने फोन लावला. घंटी आतल्या खोलीतच वाजली. कार्योनोचा फोन घडी घातलेल्या लुंगीवर पडून होता.

स्कूटरवर मुलीच्या मागे बसताना तुमिनाने हेल्मेटचा पट्टा लावायचा प्रयत्न केला, पण बोटे ऐकेनात. निंग्रुमने वळून तो लावला, लहान मुलाचा लावावा तसा. सुगीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही कडांना बांबूच्या ताट्यांवर चिरलेली तंबाखू वाळत पडली होती आणि बायका ती उलटत होत्या. "बू गुरू, एवढ्या घाईनं कुठं?" कोणीतरी शाळेच्या बाईंना ओळखून हाक मारली. तुमिनाने हात हलवला. आपला चेहरा हसतो आहे की नाही, ते तिला कळले नाही.

चढ सुरू झाला. समोर सुंबिंग डोंगराचा माथा ढगात गेला होता. मुलांना छातीचा धडा शिकवताना ती घोसाळ्याची वाळलेली जाळी वर्गात न्यायची. पाण्यात बुडवली की जड व्हायची, पिळली की पुन्हा हलकी. श्वास असाच आत-बाहेर करतो, असे ती सांगायची, आणि प्रत्येक मुलाच्या हातात ती जाळी पिळायला द्यायची. तशीच एक जाळी घरी मोरीत होती, तेलकट कढई घासायची. ती कितीही पिळली, कितीही वेळा उन्हात टाकली, तरी हलकी होत नसे. शेवटी तुमिना ती फेकून देत असे.

"हळू चालव," ती म्हणाली. लगेच म्हणाली, "नको, नको. जोरात चालव."

वरच्या खळ्यावर कोणी नव्हते. ताट्या ओळीने उन्हाला लावलेल्या होत्या. झोपडीच्या दाराशी कार्योनोच्या चपला होत्या, एक उपडी पडलेली. तुमिनाला ती उपडी चप्पल बघवेना.

"बापाक!" निंग्रुमने हाक मारली.

मग झोपडीच्या मागून खोकला आला. एकदा, आणि थोडे थांबून पुन्हा. खोल, ओला, मागच्या पावसाळ्यासारखा.

निंग्रुम पळाली. तुमिना मागे राहिली. झोपडीला वळसा घालायचा, एवढेच होते. पलीकडे काय दिसेल, ते वळसा घालेपर्यंत दिसणार नव्हते. तिने झोपडीच्या कुडाला हात टेकला आणि त्या आधाराने सरकत निघाली.

कोपऱ्यावर येताच तो वास तिच्या अंगावर आला. लवंगेचा नव्हे, व्हॅनिलाचा नव्हे. जळत्या पानाचा.

कार्योनो बांबूच्या मोळीवर बसला होता. त्याची टाच जमिनीवर काहीतरी घाईने चुरडत होती, आणि त्याच्या तोंडून, नको तेव्हा, धुराचा उरलासुरला लोट बाहेर पडत होता.

"दोघी एकदम?" तो म्हणाला. "वाघाच्या शिकारीला आलात का?"

"बापाक, तुम्ही विडी ओढताय?" निंग्रुमचा आवाज फुटला.

"एकच. अर्धी. हे बघ, अर्धी तर टाकून दिली."

तुमिना पुढे झाली. रागावून मारते की काय, म्हणून तो किंचित मागे सरला. तिने त्याच्या खांद्याला धरले, सदऱ्यात नाक खुपसले आणि हुंगले. लग्नापासून या वासाशी तिचे भांडण होते. हाच वास घालवायला तिने उशांचे अभ्रे उन्हात टाकले होते, देवाला बोलली होती, डॉक्टरांसमोर रडली होती. आता ती तो पुन्हा पुन्हा ओढून घेत राहिली.

"अगं, झालंय काय तुला?"

"कधीपासून ओढताय?"

"सुगी सुरू झाली तेव्हापासून," तो खाली बघत म्हणाला. "खोटं नाही बोलत. तंबाखू उलटायची आणि ओढायची नाही, हे मला जमत नाही, बाई. खोकला त्याचाच आहे, मला कळतंय."

"आणि ती मी दिलेली बाटली?"

आता कार्योनो खरोखरच ओशाळला. चुरडलेल्या विडीवर त्याने पायाने माती लोटली.

"रागावणार नसशील तर सांगतो. वाईट नव्हती गं. उलट फारच छान होती. झाकण उघडलं आणि तुझे वडीलच समोर येऊन बसले. त्यांच्यासमोर मी कधी ओढली होती का? लग्न ठरवायला आलो तेव्हासुद्धा विडी खिशात लपवली होती. तसाच दचकलो. एकसुद्धा झुरका घेतला नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणत राहिलो, छान आहे, छान आहे."

निंग्रुम मटकन खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता तिने डोळे पुसले. तुमिनाही हसली. बऱ्याच वेळाने पहिला पुरा श्वास तिच्या छातीत उतरला.

"द्या ती इकडे," ती म्हणाली. "ओतून टाकते."

"ती कुठली आता?" कार्योनो म्हणाला. "जुमादीला देऊन टाकली. ट्रक घेऊन आला होता, बिचाऱ्याचं लिक्विड संपलं होतं. तर आता तो इतका खूश आहे की गावभर सांगत सुटलाय. म्हणतो, पारकानच्या दुकानातसुद्धा अशी चव नाही. दिवसभर तोंडातून काढत नाही."

वारा आला. ताट्यांवरची तंबाखू सळसळली.

जुमादी एकेकाळी तुमिनाच्या वर्गात होता. पहिल्या बाकावर बसायचा, कारण मागे बसला की खिडकीबाहेर बघायचा. आता त्याची मुलगी त्याच शाळेत जाते.

तुमिनाने स्कूटरकडे पाहिले. निंग्रुमने ते पाहिले आणि ती उठली.

"इबू, मी बोलते त्याच्याशी. तुम्ही काही बोलू नका. मी म्हणेन, तो माल बिघडला होता, ही घे नवी बाटली. कशाला त्याला उगाच घाबरवायचं? आणि कशाला सगळ्या गावाला कळायला हवं, की बू गुरूंनी…" तिने वाक्य पुरे केले नाही.

"आणि त्याची छाती?"

"एवढ्याशानं काही होत नसतं बहुतेक."

"खाली घरी तू असं म्हणाली नव्हतीस."

निंग्रुम चावी शोधू लागली. चावी तिच्या हातातच होती.

जुमादीचा ट्रक गावाखालच्या वळणावर उभा होता. केळीच्या सोपटांनी मढवलेल्या तंबाखूच्या टोपल्या चढवून झाल्या होत्या. तो पायरीवर बसला होता आणि त्याच्याभोवती पांढरी वाफ साचली होती. स्कूटर थांबण्याआधीच तुमिनाला तो वास आला. लवंग, त्यामागे व्हॅनिला. तिच्या वडिलांच्या हातांचा वास. खरोखरच त्याला तळ होता.

तिला बघताच जुमादी उठून उभा राहिला आणि व्हेप पाठीमागे लपवला. दोन मुलांचा बाप, ट्रकचा मालक, पण हात आपोआप मागे गेला.

"बू गुरू! तुम्ही इकडं कुठं?" मग त्याला खोकला आला. त्याने मूठ तोंडासमोर धरली आणि खोकून झाल्यावर हसला. "माफ करा हं. रात्रीपासून जरा खवखवतंय. धुळीचं असेल."

निंग्रुम पुढे झाली. तिने पिशवीतून दुकानासाठी ठेवलेली नवी बाटली काढली होती.

"जुमादीदादा, त्या बापाकनं दिलेल्या बाटलीचं असं झालंय, की…"

तुमिनाने उजवा हात वर केला.

सरळ, कोपर न वाकवता, डावा हात छातीवर घडी करून. काही सांडले, काही मोडले, तर आधी असा हात वर करायचा, मग बोलायचे, असे तिने वर्षानुवर्षे शिकवले होते. विचारण्याआधी ज्याने हात वर केला, त्याला तिच्या वर्गात कधी मार बसला नव्हता.

जुमादी मोठ्याने हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्याने निंग्रुमकडे पाहिले, तीही हसत असेल म्हणून. मग पुन्हा बाईंकडे पाहिले. त्याचे हसू हळूहळू ओसरले. पाठीमागचा हात पुढे आला आणि त्यातला व्हेप त्याने अगदी सावकाश पायरीवर ठेवला.

बाईंचा हात अजून वरच होता. समोरच्याने 'बोल' म्हटल्याशिवाय वर केलेला हात खाली घ्यायचा नसतो, हे जुमादीला आठवत असावे.

"हं," जुमादी हलक्या आवाजात म्हणाला. "बोला, बू गुरू."