अर्धा तास गप्प

मतिमंद मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेऊन वच्छलाबाई १९७६ साली पुण्याहून सोलापुरात आल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या अंगात पुरती भिनली होती. आईबापांना मुलात जो फरक हवा, तो डोळ्यांना दिसला पाहिजे, मोजता आला पाहिजे.

"पोरगी सुधारावी," मुलीला घेऊन त्यांच्याकडं आलेला भुसार दुकानदार चनमल्लप्पा म्हणाला.

"सुधारली हे कशावरनं ओळखायचं?"

"गप बसावी. मोठीला बघायला पावणे येतात नि ही आतनं वरडती."

"किती वेळ गप्प?"

"पावणे जाईस्तोवर. अर्धा तास धरा की."

नऊ वर्षांच्या रुद्राणीला घट्ट धरून बसलेली तिची आई दाक्षायणी हळूच म्हणाली, "बाई, परसाकडं लागली की हिनं खूण करावी, एवढंच मला..."

"एका वेळी एकच," म्हणत बाईंनी तक्त्यावर लिहिलं : अर्धा तास आवाज नाही. गप्प बसली की शेंगदाणे द्या, ओरडली तर लक्ष देऊ नका, हेही समजावलं.

दर गुरुवारी चनमल्लप्पा तक्ता आणायचा. चार मिनिटं. अकरा. बावीस. चौथ्या आठवड्यात तीस! बाईंना राहवेना. न कळवताच त्या त्याच्या घरी पोचल्या.

रुद्राणी भिंतीला टेकून बसली होती. माणूस दिसताच तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. पोटऱ्यांवर तापल्या उलथन्याचे डाग होते. एक अजून ओला.

"शेंगदाण्यानं काय होईना," चनमल्लप्पा सहज बोलला. "मग आमच्या आईनं हे काढलं. दोन दिवसांत फरक."

"हे मी सांगितलं नव्हतं!"

"तुमी मिनिटं मोजा म्हणालात. मोजली की."

दाक्षायणी बाईंच्या मागोमाग दारापर्यंत आली. "हिला एकच शब्द यायचा, बाई. मला अव्वा म्हणायची. आता तोबी न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, नि तेच बाईंना सोसेना. "तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

महिन्याभरात मोठीचं मोहोळात जमलं. लग्नात नको म्हणून रुद्राणीला अक्कलकोटला आत्याकडं धाडलं, ती तिथंच राहिली. बाईंनी पत्र टाकलं. आत्याचं कार्ड आलं : पोरगी गुणाची आहे, काही त्रास नाही.

अक्कलकोट बसनं तासाभराच्या वाटेवर. बाई गेल्या नाहीत.