एल्डनचे केस

सोमवारी सकाळी एल्डनने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून मागच्या ओसरीत नेली, गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळली आणि बसून म्हणाला, "ताई, कात्री आण. सुटलो एकदाचा."

ओरा छोट्या विनीला भरवत होती. चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

कॉलेजच्या फुटबॉल संघातली पोरं हंगामभर केसांना कात्री लावत नसत. चेंडू काखेत घेऊन एकमेकांना धडका मारायचा तो खेळ; डोकं आपटलं तर तेवढीच गादी. चामड्याची टोपी मिळायची, पण ती घालणाऱ्याला बाकीचे आजीबाई म्हणून चिडवायचे. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा शेवटचा सामना झाला की घरोघरच्या खुर्च्या बाहेर निघत. त्याआधी ज्याने केस कापले त्याने संघ सोडला असं धरायचं आणि त्याला परत बोलवायचं नाही, असा गावचा रिवाज.

आणि थँक्सगिव्हिंग होता येत्या गुरुवारी.

एल्डन मात्र तो शेवटचा सामना कसा झाला ते रंगवून सांगू लागला. यंदापासून चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा मिळाली होती. त्याने शेवटी तो कसा फेकला, लांबटांग्या रूफसने कसा झेलला, नदीपलीकडच्या कॉलेजवाल्यांची तोंडं कशी पडली. बँडवाल्यांचा ढोल फुटला म्हणे. इतकं बारीकसारीक, की ओराला क्षणभर वाटलं, आपलाच एक आठवडा कुठेतरी हरवला. विनी झाल्यापासून वार तरी कुठे लक्षात राहत होते? तिने अंगणात पाहिलं. सणाच्या जेवणासाठी मक्यावर पोसलेली टर्की पंपापाशी माती उकरत होती. म्हणजे गुरुवार अजून आला नव्हता. टर्कीने तिला सावरलं.

शनिवारच्या सामन्यात एल्डनच्या कानामागे कुणाचा तरी गुडघा बसला होता. तो आपला आपण उठला, शेवटपर्यंत खेळला, घरी येऊन पोटभर जेवला. झालं गेलं, असं तिने धरलं. काल चर्चमध्ये मात्र, सगळी गाणी पाठ म्हणून झाल्यावर, त्याने विचारलं होतं, बाबा कुठे बसलेत. बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले होते.

कामांच्या सबबी सांगत ओराने कात्री दुपारपर्यंत टाळली, तेवढ्यात रूफस आला. तोच कप्तान. ओराने त्याला पंपापाशी गाठून सगळं सांगितलं. त्याने ओसरीत जाऊन एल्डनला संघाच्या खुणेचे आकडे विचारले. अमुक आकडा ओरडला की कुणी कुठे पळायचं, एल्डनने न अडखळता सांगितलं.

"बघा ताई, डोकं शाबूत आहे," रूफस परत येऊन म्हणाला.

"आज वार कोणता ते विचार त्याला."

"वार मलाही ठाऊक नसतो, ताई."

पण हसताना त्याने नजर चुकवली. हॅट हातात फिरवत तो म्हणाला की चेंडू फेकणारा दुसरा कुणी नाही, आज चार वाजता त्याला सरावाला मैदानावर पाठवा. मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तिला काय वाटतं हे तिलाच कळत नव्हतं. मागच्या हंगामात देशभर केवढी पोरं मैदानावर दगावली; त्यापायीच तर नियम बदलले होते.

रूफस गेल्यावर एल्डन परत खुर्चीत बसला. "येतेस ना?"

ओराने विनीला टोपलीत ठेवलं. केस कापले तर पोराचा गुरुवार चोरल्यासारखं. त्याच गुरुवारसाठी तो उन्हाळाभर गोठ्याच्या भिंतीवर चेंडू फेकत होता. नाही कापले तर? पुढचं तिला मनातही आणवेना. तिने कात्री चालवली. डाव्या कानावरचे केस ओसरीत पडले. विनी त्यांच्याकडे बघून हात नाचवू लागली.

अर्धं डोकं झालं आणि एल्डन म्हणाला, "ताई, टर्की जिवंत कशी?"

कात्री थांबली. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं खरंच. "गुरुवार यायचाय, राजा."

त्याने टर्कीकडे नीट पाहिलं. मग हात वर नेऊन आधी कापलेली बाजू चाचपली, मग लांब केसांची.

"मग मी जिंकलो ते?"

"ते तू जिंकलास. बाकीच्यांचं राहिलंय."

एल्डन रागावेल, उठून मैदानाकडे पळेल, म्हणून ती चादरीचं टोक धरून उभी होती. त्याने मान वळवली आणि लांब केसांची बाजू तिच्यापुढे केली. त्याला सगळं कळलं होतं, की पुन्हा विसरला होता, हे ओराला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही. तिने उरलेले केस हळूहळू कापले, उगीच वेळ लावत.

गुरुवारी जेवताना मैदानाकडून आरडाओरडा ऐकू येत होता. आनंदाचा की दुसराच, ते कळत नव्हतं. एल्डनने विनीला मांडीवर घेतलं, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "परत टर्की?"

ओराने त्याच्या ताटात मोठा तुकडा वाढला.