टेबलावरचं बोट

गुंतवणूक कंपनीच्या ताळमेळ विभागात खिडकीजवळची दोन टेबलं समोरासमोर जोडून ठेवलेली होती. एका बाजूला ती बसे, दुसऱ्या बाजूला काका. नात्याने ते तिचे कोणी नव्हते. केस लवकर पिकल्यामुळे सगळा मजलाच त्यांना काका म्हणत असे. तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत, कारण तिचं निम्मं काम मोठ्याने वाचण्याचं होतं. ग्राहकांसाठी झालेले शेअर आणि रोख्यांचे सौदे ती संगणकात भरी आणि पक्के करण्यापूर्वी वाचून दाखवी. काका दलालाकडून आलेला कागद समोर धरून ऐकत. जुळलं की म्हणत, “पुढे.”

जुळलं नाही तर काय करायचं, याचा नियम स्पष्ट होता. तपासणाऱ्याने चूक सापडल्याची नोंद करायची, भरणाऱ्याच्या नावासकट. काका ती नोंद करत नसत. ते टेबलावर उजव्या हाताचं बोट एकदा वाजवत, एवढंच. ती थांबे, पाही, दुरुस्त करी, पुन्हा वाची. “पुढे.”

बाळंतपणानंतर ती कामावर परतली तेव्हा हे सुरू झालं होतं. तेव्हा बाळ रात्रभर झोपू देत नसे आणि तिच्या हातून खरेदीच्या जागी विक्री पडे, एखादं शून्य जास्त लागे. “चालायचंच गं, होईल सवय,” काका म्हणाले होते. बाळ मोठं झालं, शाळेत जाऊ लागलं, रात्रभर शांत झोपू लागलं. टेबलावरचं बोट मात्र वाजतच राहिलं. तिने त्यांना कधी तसं करायला सांगितलं नव्हतं. थांबवा, असंही म्हटलं नव्हतं.

मग नवी यंत्रणा आली. आता ऑर्डरी आपोआप आत येणार होत्या, दलालांचे कागद यंत्रच वाचणार होतं आणि न जुळलेले मोजके सौदे तेवढे माणसाने सोडवायचे होते. त्यासाठी एक खुर्ची पुरेशी होती. कोणाची, हे ठरवण्यासाठी यंत्रणा बसवणाऱ्यांनी दोघांच्या जुन्या नोंदी चाळल्या, आणि विभागप्रमुख बाईंनी दोघांना एकत्रच केबिनमध्ये बोलावलं.

“तुमच्या नावावर जवळजवळ चूकच नाही,” बाई तिला म्हणाल्या. त्यांचा चेहरा मनापासून कौतुकाचा होता. मग त्या काकांकडे वळल्या, आणि आवाज जरा खाली आला. “आणि काका, तुम्ही इतक्या वर्षांत फारशी काही पकडलेली दिसत नाही. म्हणजे दोष देत नाहीये मी. पण तपासणाऱ्याला काही सापडतच नसेल, तर ती जागा ठेवायची कशासाठी, असं वरचे विचारतात. तुम्हाला ग्राहकांचे फोन घ्यायच्या कामावर घेऊ. पगार थोडा कमी होईल. महिनाभर बघू, मग दोन्ही जागा कायम करू.”

तिने काकांकडे पाहिलं. त्यांची मुलगी अजून शिकत होती, हे तिला ठाऊक होतं. त्यांचा हात बाईंच्या टेबलाच्या कडेवर होता. आता ते बोट उचलणार, असं तिला वाटलं; आणि ते उचललं जाऊ नये अशी तिने मनातल्या मनात इच्छा केली. ही इच्छा इतकी चटकन आणि इतकी स्पष्ट उमटली, की पुढे अनेक दिवस तिला स्वतःच्या गप्प राहण्यापेक्षा त्या इच्छेचीच अधिक लाज वाटत राहिली.

“इतकं स्वच्छ काम कसं जमवलंत?” बाईंनी विचारलं.

“लक्ष देऊन करते, एवढंच,” ती म्हणाली.

काकांनी हात टेबलावरून काढून खिशात घातला. “हा रेडिओ कधी खरखरला नाही, मॅडम,” ते म्हणाले आणि हसले. बाईही हसल्या.

त्या संध्याकाळी नवऱ्याने मुलाला हाक मारून सांगितलं, “ऐकलंस का, अख्ख्या विभागात एकच जागा, आणि ती तुझ्या आईला!” मुलाने टाळ्या वाजवल्या. “बास रे आता,” ती इतक्या तुटक आवाजात म्हणाली, की दोघेही चपापले. ती भांडी घासायला उठली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

समोरचं टेबल हलवलं गेलं. भिंतीवर त्याच्या कडेची एक रेघ तेवढी उरली. तिच्या पडद्यावर न जुळलेले सौदे येत. ती दुरुस्ती करी. यंत्र ती दुरुस्ती पुन्हा ताडून पाही आणि चुकली असेल तर तिच्या नावापुढे लाल ठिपका उमटवी. यंत्र टेबल वाजवत नव्हतं. सवयीने ती पुटपुटत वाचे आणि मध्येच थांबे, कान देऊन. काही ऐकू येत नसे. ठिपके वाढत होते. तिने बाईंना सांगितलं, यंत्रणा नवी आहे, हात बसायला वेळ लागेल. बाईंनी तेही मान्य केलं.

महिना संपत आला असताना जेवणाच्या खोलीत काका भेटले. गळ्यात हेडफोन तसाच लोंबत होता. ती दुसऱ्या टेबलाकडे वळणार तेवढ्यात त्यांनी पायाने खुर्ची पुढे सरकवली.

“बस की. मी काही चावत नाही.”

ती बसली. “फोनवर कसं वाटतंय, काका?”

“मजेत. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकतो. एक बरं आहे, त्या जुळवून बघाव्या लागत नाहीत.” त्यांनी डबा उघडला. “तुझं कसं चाललंय?”

“छान चाललंय,” ती म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. फक्त उजव्या हाताचं बोट टेबलावर एकदा वाजलं.

बोट वाजलं की काय करायचं, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं: थांबायचं, पाहायचं, पुन्हा वाचायचं.

“चुकते मी, काका,” ती हळू म्हणाली. “रोज चुकते. आधीही चुकतच होते. त्या दिवशी केबिनमध्ये मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. तुम्ही बोलू नये असंच वाटत होतं मला.”

ती ‘पुढे’ या शब्दाची वाट पाहत राहिली. काका तो उच्चारेनात. ते रागावलेले दिसत नव्हते. थकलेले दिसत होते, आणि त्यांच्या तोंडातला घास तसाच थांबला होता.

“मला कशाला सांगतेस?” अखेर ते म्हणाले. “मला माहीतच होतं ते.”

“बाईंना सांगितलं तर तुमच्यावरही येईल. नोंद का केली नाही, म्हणून विचारतील.”

“विचारू देत. ती चूक माझीच आहे,” काका म्हणाले. “पण ती माझी मी बघेन. तू तुझी बघ.”

ती उठली. तिचा डबा न उघडलेला तसाच टेबलावर राहिला. जिन्यात दोनदा तिच्या मनात आलं, की उद्या सांगितलं तरी चालेल, महिना अजून संपलेला नाही. केबिनच्या काचेतून बाई फोनवर बोलताना दिसत होत्या. थोडं थांबा, अशी त्यांनी खूण केली. थांबायला सबळ कारण मिळालं म्हणून तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेचीही तिला लाज वाटली.

बाईंनी फोन ठेवला. तिने काचेवर बोट वाजवलं आणि ती आत गेली.